झोल्तान या नावाची नोंद होईपर्यंत

६ मार्च २०२३ रोजी बुडापेस्टमधील डॉक्टरांनी बाळ ऑक्टोबरमध्ये येईल असे सांगितले आणि त्याच संध्याकाळी माझ्या हंगेरियन नवऱ्याने, ज्याला एरवी रात्रीला भाजी कोणती करायची हेही ठरवता येत नाही, मुलगा झाला तर त्याचे नाव झोल्तान ठेवायचे असे जाहीर करून टाकले. झोल्तान हे त्याच्या केच्केमेत शहरातल्या आजोबांचे नाव. त्याचा अर्थ काय, असे मी विचारले तेव्हा तो गोंधळला, कारण हा प्रश्न त्याला आयुष्यात कोणी विचारलाच नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी नावाचा अर्थ आधी विचारतात आणि बाळाचे वजन नंतर. त्यामुळे आजीला फोन करण्यापूर्वी मला उत्तर हवे होते.

पुढच्या वर्षभरात एका नावापायी जे कागद गोळा करावे लागले, ते अशाच मिश्र विवाहातल्या इतर मराठी मुलींना ठाऊक असावेत म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

हंगेरीत मुलाचे नाव मनाला येईल ते ठेवता येत नाही. मुलांची आणि मुलींची अशा दोन मान्य नावांच्या याद्या असतात. त्या तेथील भाषाशास्त्र संशोधन संस्था सांभाळते आणि वेळोवेळी वाढवते. यादीत नसलेले नाव हवे असेल तर अर्ज करावा लागतो आणि संस्थेच्या अभिप्रायाची वाट पाहावी लागते. नावे जास्तीत जास्त दोन, मुलाला मुलाचेच नाव, आणि लेखन हंगेरियन उच्चाराप्रमाणे. मला दुसरे नाव अर्जुन हवे होते. परंतु इंग्रजीतल्या जे या अक्षराचा उच्चार हंगेरियनमध्ये ‘य’ होतो, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर आपण लिहितो तसे ते लिहिले तर शाळेत सगळे ‘अर्युन’ म्हणणार, आणि हंगेरियन पद्धतीने लिहिले तर त्याच एका आवाजासाठी डी, झेड आणि एस ही तीन अक्षरे जोडावी लागणार, जी भारतात कोणालाच वाचता येणार नाहीत. दोन रात्री वाद घालून अर्जुन घरात हाक मारण्यापुरता ठेवायचा असे ठरले.

यादी चाळताना जुन्या हंगेरियन नावांची मला गोडी लागली. आर्पाद म्हणजे आर्पा, अर्थात सातू, आणि त्याला जोडलेला लाडाचा प्रत्यय. ज्या सरदाराने मॉड्यर, म्हणजे हंगेरियन, टोळ्यांना नवव्या शतकाच्या अखेरीस कार्पेथियन पर्वतांच्या आतल्या मैदानात आणले, त्याच्या नावाचा अर्थ ‘सातूचा दाणा’. आकोश म्हणजे पांढरा ससाणा. आर्पादच्या वडिलांचे नाव आल्मोश, आणि त्याची व्युत्पत्ती स्वप्न या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, कारण त्याच्या आईला गरोदरपणी पक्ष्याचे स्वप्न पडले अशी दंतकथा आहे. मला आल्मोश फार आवडले होते. पण आजच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ ‘झोप आलेला’ असा होतो, हे नवऱ्याने हसत हसत सांगितल्यावर तोही बेत सोडून दिला.

झोल्तानचा अर्थ सापडला तो म्युझियम रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात. यानोश लादो यांचा व्यक्तिनामांचा कोश १९७१ साली प्रथम निघाला. त्याची पुढची एक आवृत्ती मला तिथे मिळाली. झ या वर्णाखाली शेवटी शेवटी नोंद होती, आणि ती फार छोटी होती: जुने हंगेरियन नाव, तुर्की भाषांमार्फत आलेले, मूळ अरबी शब्द सुलतान.

मी पुस्तक मिटले आणि पुन्हा उघडले. ज्या भाषेत संकटांचे अस्मानी आणि सुलतानी असे दोनच प्रकार मानतात, त्या भाषेत मी वाढले; आता पोटातल्या पोराचे नाव सुलतान असणार होते, आणि ते मला पंच्याऐंशी वर्षांच्या आजीला सांगायचे होते.

माझ्यापेक्षा आश्चर्य मला सासरच्यांचे वाटले. २९ ऑगस्ट १५२६ रोजी मोहाच येथे सुलतान सुलेमानने हंगेरीचे सैन्य बुडवले आणि त्यांचा राजा लायोश पळताना मरण पावला. १५४१ मध्ये बुडा तुर्कांच्या हाती गेले ते १६८६ पर्यंत सुटले नाही. आपल्याकडे पानिपताचे जे झाले तेच तिकडे मोहाचचे. घरात कप फुटला, रेल्वे चुकली, पाकीट हरवले की सासूबाई म्हणतात, “मोहाचला याहून जास्त गेले.” ही त्यांच्या भाषेतली जुनी म्हण आहे. ज्यांच्या जिभेवर मोहाच अजून ताजे आहे, त्यांच्याच देशात झोल्तान हे पुरुषांच्या सर्वांत प्रचलित नावांपैकी एक असावे, हे कोडे मी जेवताना मांडले, तेव्हा टेबलावरचे चौघेही चमचे थांबवून माझ्याकडे पाहू लागले. सासऱ्यांना नावाचे मूळ ठाऊक होते, फक्त त्यांनी ते मोहाचशी कधी जोडून पाहिले नव्हते.

कोडे सुटते ते कालक्रमाने. झोल्तान हा आर्पादचा मुलगा, म्हणजे दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने ९५० च्या सुमारास आपल्या मुलासाठी शेजारच्या राज्यांची माहिती लिहवून घेतली, तिच्यात आर्पादच्या मुलांत झाल्तास हे नाव येते. उस्मानी तुर्कांचा राजवंश तेराव्या शतकाच्या अखेरीचा. म्हणजे हे नाव सुलेमानच्या तोफांबरोबर आलेले नाही, त्याआधी कित्येक शतके ते गवताळ पठारावर तुर्की भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या सहवासात आले. सातू, गहू, सफरचंद, वासरू यांचे हंगेरियन शब्द ज्या वाटेने आले, त्याच वाटेने किताबही आले आणि किताबांची नावे झाली. शिवाय अरबीत सुलतान या शब्दाचा पहिला अर्थ राजा असा नाही. सत्ता, अधिकार हा आहे, व्यक्तीचा किताब तो पुढे झाला. आजीला सांगण्याजोगे काहीतरी हाती लागले.

याच नावाचे दुसरे, जुळे वाटावे असे रूप झोल्त हे आहे. त्याचा पहिला वर्ण मात्र आपल्या ‘झाड’मधल्या झपेक्षा मऊ, टाळूकडे सरकलेला. झोल्तानचा झ ‘झाड’मधल्या झच्या जवळचा आहे, त्यामुळे मराठी माणसाला तो चटकन जमतो. डॅन्यूबच्या काठी शोल्त नावाचे गाव आहे, तेही याच नावाचे. राजा इश्तवानच्या काळात देश ख्रिस्ती झाल्यावर संतांची नावे रूढ झाली आणि ही जुनी नावे मागे पडली. खुद्द इश्तवानचे जन्मनाव वाय्क होते. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रीय जागृतीच्या लाटेत लोकांनी ती जुन्या बखरींतून पुन्हा वर काढली. केच्केमेतला १८८२ मध्ये जन्मलेले संगीतकार झोल्तान कोदाय हे त्याच लाटेनंतरच्या पिढीतले.

जून महिन्यात, सहावा संपत असताना, मी शहराच्या मोठ्या उद्यानात अनामिकाच्या पुतळ्याकडे गेले. साधारण १२०० च्या सुमारास बेला राजाच्या या लेखनिकाने हंगेरियनांच्या पराक्रमाची लॅटिन बखर लिहिली आणि तिच्यात आर्पादच्या मुलाचे नाव झुल्ता असे नोंदवले. स्वतःचे नाव मात्र पहिल्या अक्षरापलीकडे कळू दिले नाही. १९०३ मधल्या या पुतळ्याचा चेहरा टोपडीच्या आत अंधारात आहे, आणि हातातली लेखणी तेवढी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोटांनी घासून पितळेच्या समईसारखी चकचकीत झाली आहे. मीही तिला हात लावला. काही आठवड्यांपूर्वीच मला कळले होते की सरकारी दप्तरी मलाही नाव नव्हते.

त्याचे असे झाले. आमचे लग्न डिसेंबर २०१९ मध्ये पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली झाले आणि हंगेरीत त्याची नोंद करायची आम्ही आळसाने राहू दिले होते. बाळाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव सरळ यावे यासाठी ती नोंद आधी होणे भाग होते. २७ एप्रिलला नोंदणी कचेरीत गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी विवाहाचा दाखला, माझा जन्मदाखला, दोन्हींवर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, आणि दोन्हींचे सरकारमान्य हंगेरियन भाषांतर मागितले. गावाहून भावाने माझ्या जन्मदाखल्याचे छायाचित्र पाठवले. तारीख बरोबर, आईवडील बरोबर, लिंग स्त्री, आणि बाळाच्या नावाच्या जागी एक आडवी रेघ. १९९० मध्ये दवाखान्याने जन्म कळवला तेव्हा बारसे झालेले नव्हते आणि नंतर कोणी नाव घालायला गेले नाही. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या दाखल्यावर अशीच रेघ असते. तुमचा दाखला आजच काढून पाहा, पासपोर्टपाठोपाठ हाच कागद परदेशात पुन्हा पुन्हा मागतात.

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १४ खाली नाव मागाहून घालता आले. भावाने शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, आधार, पासपोर्टची प्रत आणि आईचे प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज केला. तीन आठवडे आणि पाच हेलपाटे लागले. शाळेच्या दाखल्यात आडनावाच्या शेवटी इंग्रजीत एक अक्षर कमी होते, त्यासाठी आणखी एक प्रतिज्ञापत्र झाले. २ जूनला भावाने नवा दाखला पाठवला आणि खाली लिहिले, “ताई, अभिनंदन, तुझं बारसं झालं.” खर्च फारसा नाही, शुल्क आणि मुद्रांक धरून हजाराच्या आत, वेळ मात्र भावाचा गेला.

अपॉस्टिलसाठी आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम आहे. मंत्रालयाचे मूळ शुल्क एका कागदाला ५० रुपये. आम्ही पुण्यातला एजंट धरला आणि त्याने दोन कागदांचे ७,००० घेतले. घाई नसेल तर हे पैसे वाचवता येतात, आम्हाला घाई होती. इथे एक चूक आम्ही स्वतः केली, तिची किंमत सांगून ठेवते. वेळ वाचावा म्हणून मी विवाहाच्या दाखल्याचे भाषांतर अपॉस्टिल येण्याआधीच करून घेतले. अपॉस्टिलही भाषांतरात यावे लागते, त्यामुळे ते सगळे पुन्हा करावे लागले आणि सुमारे १८,००० फोरिंट पाण्यात गेले. सासूबाई अर्थातच मोहाचला काय काय गेले ते म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला दोन्ही कागदांचे मिळून ४५,००० फोरिंट लागले, म्हणजे त्या वेळच्या दराने दहा हजार रुपयांच्या थोडे वर.

११ जुलैला अर्ज दाखल झाला. पुढचे दोन महिने नुसती वाट पाहण्यात गेले. एकदा पत्र आले की पासपोर्टवर माझ्या नावापुढे आणखी एक पुरुषी नाव का आहे. ते वडिलांचे नाव आहे, दुसरे नाव नव्हे, आणि आमच्याकडे प्रत्येकाच्या नावात ते असते, असे निवेदन लिहून दिले. हंगेरीत प्रत्येक कागदावर, अगदी वाचनालयाच्या कार्डासाठीही, आईचे जन्मनाव विचारतात. माणसाची ओळख तिच्यावरून पक्की करतात. आपल्याकडे ओळख बापाच्या नावावरून पटते. एका बाबतीत मात्र दोन्हीकडचे जमते: तिथेही आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, आमच्या शाळेच्या हजेरीपटासारखे. विवाहाची नोंद झाल्याचा कागद २१ सप्टेंबरला हाती आला, तेव्हा माझे पाय सुजलेले होते आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून मी तो वाचला.

मुलगा १९ ऑक्टोबर २०२३, गुरुवारी पहाटे झाला. आमच्या रुग्णालयात नावाचे निवेदनपत्र आधीच भरून घेतात, त्यात मुलाचे आणि मुलीचे अशी दोन्ही नावे मागतात. दोघांच्या सह्या, ओळखपत्रे, पत्त्याची कार्डे आणि विवाहाचा हंगेरियन दाखला एका पाकिटात घालून बॅगेत ठेवला होता, तो फार उपयोगी पडला. नाव लिहिताना दुसऱ्या स्वरावरची तिरकी रेघ विसरू नका. ती नसेल तर उच्चार बदलतो आणि नंतरची दुरुस्ती म्हणजे पुन्हा अर्ज. दाखला आठवड्यात मिळतो असे सांगितले होते, पण २३ ऑक्टोबर हा राष्ट्रीय सण आणि १ नोव्हेंबर सर्व संतांचा, दोन्ही दिवस कचेऱ्या बंद. शेवटी ३ नोव्हेंबरला दाखला मिळाला, आणि त्याला पैसे पडले नाहीत. आरोग्यविम्याचे, पत्त्याचे आणि कराचे अशी तीन कार्डे टपालाने घरी आली. दोन आठवड्यांच्या बाळाच्या नावे करक्रमांकाचे कार्ड आलेले पाहून मी हसले ते बाळंतपणानंतर पहिल्यांदा.

बारसे दाखल्याआधी झाले, बाराव्या दिवशी, ३० ऑक्टोबरला. आमच्याकडे सकाळचे अकरा आणि गावी दुपारचे साडेतीन वाजले होते. आजी, आई आणि मामा फोनच्या पडद्यावर दाटीवाटीने बसले होते. आत्याने, म्हणजे माझ्या नणंदेने, शिकवल्याप्रमाणे बाळाच्या कानात कुर्र केले आणि झोल्तान म्हटले. मी सांगायचे ते पाठ केलेले सांगितले, की अर्थ ‘सत्ता’, शब्द फार जुना, तुर्कांच्या स्वारीशी संबंध नाही वगैरे. आजी म्हणाली, “म्हणजे सुलतान.” माझे एवढे संशोधन तिने दोन शब्दांत उलगडून समोर ठेवले. मी गप्प झाले. तेव्हा मामांनी, जे फलटणच्या शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवत होते, घसा साफ केला.

“त्यात काय झालं? सरलष्कर सुलतानजी निंबाळकर नव्हते का?”

“ते निजामाला मिळाले होते,” आजी म्हणाली.

“ते मिळाले हो, पण नाव ठेवलं तेव्हा कुठे मिळाले होते?”

आजीने यावर थोडा विचार केला आणि घरात काय हाक मारणार ते विचारले. अर्जुन म्हणायचे असे मी सांगत होते, तेवढ्यात मागून सासूबाईंनी बाळाला उचलता उचलता त्यांच्या रीतीप्रमाणे झोली, झोलिका अशी हाक मारली. झोल्तानचे लाडाचे रूप तेच आहे. “झोळी?” आजीचा चेहरा उजळला. “हे बरंय. झोळीतलं बाळ.” तेव्हापासून अर्जुन हे नाव कोणी घेतलेले मला आठवत नाही.

राहिला भारतात येण्याचा प्रश्न. वडिलांमुळे मुलगा हंगेरियन नागरिक, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून त्याचा हंगेरियन पासपोर्ट आधी काढला आणि मार्च २०२४ मध्ये ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज भरला. शुल्क २७५ अमेरिकी डॉलरइतके, स्थानिक चलनात. या अर्जात नावावरच्या रेघा चालत नाहीत. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यात नाव जसे रेघेविना छापलेले असते तसेच ते अर्जात लिहावे. सही करता न येणाऱ्या मुलाचा डाव्या अंगठ्याचा ठसा लागतो, आणि तो आडव्या चौकटीत, रुंदी उंचीच्या तिप्पट, अशा मापात अपलोड करावा लागतो. पाच महिन्यांच्या मुलाची मूठ उघडणे हे या वर्षातले सर्वांत कठीण काम होते. तो जागा असताना चार कागद फाटले आणि शाई त्याच्या भुवईपर्यंत गेली. शेवटी दूध पिऊन गाढ झोपल्यावर नवऱ्याने अंगठा धरला, मी कागद खालून वर नेला, अंगठा कागदावर नाही, कागद अंगठ्यावर, आणि पहिल्याच प्रयत्नात शेंगदाण्याएवढा स्वच्छ ठसा उमटला. कार्ड यायला आठ आठवडे लागले.

त्याचा नामदिन, म्हणजे कॅलेंडरात त्याच्या नावासाठी नेमलेला दिवस, ८ मार्चला असतो. हंगेरीत वाढदिवसाइतकाच नामदिनही पाळतात. पण त्याच दिवशी महिला दिन असल्यामुळे देशभरातल्या झोल्तानांना स्वतःचे अभिनंदन स्वीकारण्याआधी घरातल्या बायकांसाठी फुले आणावी लागतात, अशी सासऱ्यांची त्यांच्या वडिलांच्या वतीने जुनी तक्रार आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही गावी गेलो. आजीने माजघरातल्या तुळईला तिच्या जुन्या नऊवारीची झोळी बांधून ठेवली होती. मुलगा चौदा महिन्यांचा, अकरा किलोंचा झाला होता. झोळीचा तळ जमिनीपासून वीतभरच वर राहिला. मामांनी गाठ दोनदा ओढून पाहिली. आजीने दोरी हातात घेतली आणि मला विचारले की कागदावर ते दुसरे नाव कसे लिहितात, मग मी जमिनीवर साचलेल्या पिठात बोटाने लिहून दाखवले, शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ देऊन.

“ही रेघ कशाला?”

“आ म्हणायला.”

“मग काना द्यायचा सोडून असं वर टोचायचं कशाला,” असे म्हणून तिने ते पुसले आणि झोळीला झोका दिला.